'स्वेच्छेने': कुपवाडमधल्या एका टर्नरचं प्रकरण

तात्यांनी माझ्या टेबलावर ठेवलेला कागद दोनदा घडी घातलेला होता आणि त्याच्या कोपऱ्याला तेलाचा डाग होता. वर मथळा 'ऐच्छिक निवृत्ती अर्ज'. खाली छापील मजकूर: 'मी माझ्या कौटुंबिक अडचणींमुळे, कोणत्याही दबावाशिवाय, स्वेच्छेने...' नाव, टिकीट नंबर, तारीख आणि सही एवढ्याच जागा मोकळ्या. कौटुंबिक अडचण कोणती, असं मी विचारलं.

"घरात कायबी अडचण न्हाई ताई. पोरगी बी.कॉम. करतीय, एवढंच. तिनंच वाचून सांगितलं, पप्पा सही करू नका."

सांगलीच्या कामगार न्यायालयात मी गेली काही वर्षं वकिली करते. हे प्रकरण तात्यांच्या परवानगीने लिहितेय. नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या मुद्द्यांवर हे प्रकरण उभं राहिलं आणि मिटलं, ते मात्र तसेच ठेवले आहेत. कुपवाड, मिरज, पलूस, इस्लामपूर, सगळीकडच्या एमआयडीसीत पन्नाशी ओलांडलेल्या माणसांपुढे असा कागद कधी ना कधी येतोच.

तात्या आयटीआय झालेले टर्नर, म्हणजे लेथवर धातूला आकार देणारे. फेब्रुवारी १९९५ मध्ये कुपवाडच्या एका कारखान्यात लागले, तेव्हापासून तिथेच. पंपांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, कायम कामगार १४०. साध्या लेथवर उमेदवारी केली आणि पुढे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, आलं तेव्हा चाळिशी ओलांडलेले असूनही ते चालवायला शिकले. हे मुद्दाम सांगते, कारण 'जुन्या माणसांना नवीन मशीन जमत नाही' हे वाक्य या प्रकरणात तीनदा लेखी आलं. तात्यांच्या हाताखाली शिकलेली सहा पोरं त्याच शॉपमध्ये ऑपरेटर होती.

जानेवारी २०२३ मध्ये अकरा जणांना एकेक करून एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. अकराही जण पन्नाशीपुढचे. पन्नाशीच्या आतल्या एकालाही बोलावणं नव्हतं. प्रत्येकाला सांगितलं ते साधारण एकच: कंपनी तरुण होतेय, तुम्ही खूप केलंत, आता आराम करा, दोन लाख वर देतो. त्याच आठवड्यात गेटवर फलक लागला: 'पाहिजेत. टर्नर, सीएनसी ऑपरेटर. वय १८ ते ३०.' तात्यांच्या मुलीने मोबाईलवर त्याचा फोटो काढला. पुढे तो फोटो कोर्टात निशाणी, म्हणजे नोंदवलेला पुरावा, झाला.

अकरापैकी आठ जणांनी सही केली. उरले तिघे: तात्या, एक ग्राइंडर आणि एक सुपरवायझर. सही न केल्याच्या दुसऱ्या दिवशी तात्यांना मशीनवरून काढलं आणि झाडू देऊन मशीनखालच्या धातूच्या चिप्स गोळा करायला लावलं. ज्यांना शिकवलं त्या पोरांच्या पायाशी वाकून. हे सांगताना ते थांबले, पाणी प्यायले, आणि मग कागदावर आले. मला त्या दिवशी कलमं सुचेनात. मी आधी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं.

कायदा काय म्हणतो, काय म्हणत नाही

सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं: खासगी नोकरीत वयावरून भेदभाव करू नये, असं सरळ सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीपुढच्या नोकरदारांसाठी तसा स्वतंत्र कायदा आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वय हे संरक्षित कारणांपैकी एक आहे. आपल्या घटनेच्या १५ आणि १६ या अनुच्छेदांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी कारणं आहेत, वय नाही. अनुच्छेद १४ ची समानता मुख्यतः सरकार आणि सरकारी संस्थांविरुद्ध मागता येते. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या प्रकरणात दोन अटी रद्द केल्या. एक, पहिल्या गरोदरपणात नोकरी संपण्याची. दुसरी, पस्तिशीनंतर मुदत वाढवायची की नाही हे एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवणारी. तिथे मालक सरकारी होता. कुपवाडच्या खासगी कारखान्याच्या गेटवरचा '१८ ते ३०' हा फलक त्या मार्गाने खाली उतरवता येत नाही.

म्हणून तात्यांनी 'वयामुळं काढतायत हो' म्हटलं तेव्हा मी त्यांना सांगितलं, तुमचं म्हणणं खरं आहे, पण कोर्टात ते याच शब्दांत चालणार नाही. आपल्या कामगार कायद्यात वयाला नाव नाही, सेवाज्येष्ठतेला मात्र आहे. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-जी ची भाषा सोपी होती: कामगार कमी करायचे तर त्या वर्गात जो शेवटी आला तो आधी जाईल. कुणाला कमी करणार त्याची ज्येष्ठता यादी सात दिवस आधी फलकावर लावायची. मालकाला हा क्रम मोडायचा असेल तर कारण लेखी नोंदवावं लागतं. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला माणूस काढून अठ्ठावीस वर्षं वयाचा पोरगा घ्यायचा, हे या कलमाच्या बरोबर उलटं आहे.

मग कंपनीने सरळ कामगारकपात का केली नाही? तात्यांच्या वेळी लागू असलेल्या कायद्यानुसार शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी, तीन महिन्यांची नोटीस आणि भरपाई हे सगळं बंधनकारक होतं. परवानगी मागितली की चौकशी होते, कामगारांचं म्हणणं ऐकलं जातं. पण त्याच कायद्यात 'कपात' या शब्दाच्या व्याख्येतून ऐच्छिक निवृत्ती वगळली आहे. म्हणजे कामगाराने 'स्वेच्छेने' या शब्दाखाली सही केली की परवानगी, ज्येष्ठता, नोटीस, पुन्हा भरती करताना त्यालाच आधी बोलावण्याचा हक्क, सगळं एका सहीत जातं. छापील अर्जात तो शब्द आधीपासून बसवलेला असतो तो यासाठी.

त्या अर्जाला जोडलेला हिशेबाचा कागद तर मी आजही नव्या अशिलांना दाखवते. 'एकूण देय रक्कम: ४,९४,०००' असं ठळक छापलेलं. तात्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये, पूर्ण सेवा २८ वर्षं. ग्रॅच्युइटीचं सूत्र असं: महिन्याचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, त्याचे १५ दिवसांचे १०,५०० आणि २८ वर्षांचे २,९४,०००. हे पैसे तात्यांचेच होते. राजीनामा दिला तरी, निवृत्त झाले तरी, १९७२ च्या कायद्याने ते तीस दिवसांत द्यावेच लागले असते. कंपनी स्वतःच्या खिशातून देत होती ते फक्त दोन लाख. सही केलेल्या आठांपैकी बहुतेकांनी पाच लाख मिळाले असंच घरी सांगितलं होतं.

अठ्ठावन्न

तात्यांनी अर्ज परत केला तेव्हा कंपनीने दुसरी वाट धरली. २८ फेब्रुवारी २०२३ चं पत्र आलं: आधार कार्डानुसार आपली जन्मतारीख १ जानेवारी १९६५, आपण ५८ वर्षं पूर्ण केली आहेत, ३१ मार्चपासून आपण सेवानिवृत्त.

यात दोन चुका होत्या आणि दोन्ही आपल्याकडे घरोघरी आहेत.

पहिली चूक ५८ ही. खासगी कारखान्यात निवृत्ती ५८ ला असते, हे तात्यांना मान्य होतं, युनियनच्या प्रतिनिधीला मान्य होतं आणि खरं सांगते, वकील होईपर्यंत मलाही तसंच वाटायचं. हा आकडा दोन ठिकाणांहून डोक्यात बसलाय. राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८ ला निवृत्त होतात, आणि पीएफची पेन्शन ५८ ला सुरू होते. पण ५८ ला पेन्शन सुरू होणं म्हणजे नोकरी संपणं नव्हे. नोकरीत राहून पेन्शन घेता येते, किंवा साठीपर्यंत पुढे ढकलून थोडी वाढवून घेता येते. उलट वेळेआधी, पन्नाशीनंतर पेन्शन सुरू केली तर ५८ ला जितकी वर्षं कमी असतील तितक्या वर्षांची दरसाल ४ टक्के कपात कायमची बसते. सही केलेल्यांपैकी एकाने तसं केलंय.

स्थायी आदेश म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे कायद्याने बंधनकारक नियम. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी सरकारने आखून दिलेल्या तेव्हाच्या आदर्श स्थायी आदेशांत निवृत्तीचं वय ६० होतं, किंवा मालक आणि कामगारांमधल्या बंधनकारक करारात, तडजोडीत वा निवाड्यात ठरलेलं दुसरं वय. तात्यांच्या कारखान्याचे स्वतःचे प्रमाणित आदेश नव्हते, म्हणून आदर्श आदेशच लागू होते. युनियनशी झालेल्या एकाही करारात निवृत्तीचं वय नव्हतं. ५८ होतं फक्त १९९५ च्या नेमणूकपत्रात. स्थायी आदेशांशी विसंगत अशी वैयक्तिक अट टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच एका काडेपेटी कंपनीच्या प्रकरणात सांगितलेलं आहे. तिथे वाद परिविक्षेच्या (प्रोबेशनच्या) मुदतीचा होता, तत्त्व तेच. आमचा युक्तिवाद त्यावर उभा होता.

दुसरी चूक जन्मतारखेची. आपल्याकडच्या एका पिढीच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळा जूनमध्ये उघडायची, आई-बापाला तारीख आठवायची नाही, गुरुजी अंदाजाने वर्ष आणि पुढे एक जून लिहायचे. तात्यांची शाळेतली तारीख १ जून १९६७. आधार काढताना कागद जवळ नव्हता, वय तोंडी सांगितलं, आणि कार्डावर १ जानेवारी १९६५ आलं. अडीच वर्षांचा फरक. त्या वेळी त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

शाळा सोडल्याचा दाखला घरात होता, पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तो गेला. तात्यांचं गाव कृष्णाकाठचं. सांगलीच्या इर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं तेव्हा त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. ट्रंक चिखलात सापडली, आत कागदांचा लगदा. मी मुलीला म्हटलं, शाळेत जा. जिल्हा परिषदेच्या शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांनी पूर येण्याआधी वरच्या मजल्यावर हलवलं होतं. त्यात तात्यांची ओळ होती, निळ्या शाईत, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी सही-शिक्क्यासह उतारा दिला. त्या अनोळखी माणसाचे आभार मी इथे मानते.

कंपनीच्याच १९९५ च्या पीएफ फॉर्मवरही १ जून १९६७ होतं. हे फार महत्त्वाचं ठरलं. नोकरीच्या शेवटी शेवटी कामगार जन्मतारीख बदलून मागतो तेव्हा कोर्ट सहसा ऐकत नाही. इथे मात्र तारीख बदलायला निघाली होती कंपनी, अठ्ठावीस वर्षं स्वतःच्या दप्तरात असलेली. प्रकरण चालू असतानाच जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला, पण तोवर आमचं मिटलं होतं.

कोर्ट

शाळेच्या तारखेने ६० म्हणजे ३१ मे २०२७. पत्रातल्या ३१ मार्च २०२३ पासून मोजले तर ५० महिने, नुसतं मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरला तरी ९,१०,००० रुपये. त्यासमोर दोन लाख.

आम्ही आधी पत्राला लेखी उत्तर दिलं, रजिस्टर पोस्टाने, पोच पावतीसह. उताऱ्याची प्रत जोडली. उत्तर आलं नाही. १ एप्रिलला गेटवर वॉचमनने तात्यांना आत सोडलं नाही. तात्या तिथे पाळी सुटेपर्यंत उभे राहिले आणि मी सांगितल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी 'कामावर हजर होण्यास आलो, प्रवेश नाकारला' असा अर्ज पोस्टाने पाठवला. अशा साध्या अर्जाची किंमत पुढे कळते. नाहीतर वर्षभराने 'तो स्वतःच यायचा बंद झाला' असं शपथपत्र येतं.

महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. कामगार त्याला 'पल्प' म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथा दिल्या आहेत: सूडबुद्धीने काढणं, अधिकाराचा दिखाऊ वापर करून काढणं, उघड खोट्या कारणाने काढणं, गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकतं माप देणं, करार न पाळणं. तक्रार ९० दिवसांत करावी लागते. उशीर झाला तर कोर्ट सबळ कारणाने माफ करू शकतं, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. सही केलेल्यांपैकी दोघे माझ्याकडे आले ते आठव्या महिन्यात.

आम्ही एप्रिलमध्येच त्या अनुसूचीतल्या पहिल्या, म्हणजे कामावरून काढण्याच्या, बाबीखाली कामगार न्यायालयात गेलो. कंपनीचा पहिला आक्षेप: ही बडतर्फी नाही, निवृत्ती आहे, आणि बाकीच्या बाबी औद्योगिक न्यायालयाच्या कक्षेत येतात. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पहिली बाब कामगार न्यायालयाकडे आणि उरलेल्या औद्योगिक न्यायालयाकडे, अशी विभागणी कायद्यातच आहे. आम्ही म्हटलं, खोट्या तारखेवर केलेली निवृत्ती म्हणजे दुसऱ्या नावाने काढणंच. यात दोन महिने गेले. अंतरिम आदेशाने कामावर घ्यावं ही मागणी नाकारली गेली. त्या दिवशी तात्या काही बोलले नाहीत, फक्त पुढची तारीख विचारली.

तारखांमधल्या काळात त्यांनी मित्राच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रोजावर टर्निंग केलं. हे कोर्टाला सांगायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगायचंच. २०१३ च्या दीपाली सुरवसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की काढणं बेकायदा ठरलं तर थकीत पगार हा सर्वसाधारण नियम, पण आपण दुसरीकडे तेवढी कमाई करत नव्हतो हे कामगाराने शपथेवर सांगायला हवं. खोटं बोलून पूर्ण पगार मागितला असता आणि वर्कशॉपची वही समोर आली असती, तर जन्मतारखेच्या बाबतीतली आमची विश्वासार्हताही गेली असती.

प्रकरण फिरलं ते उलटतपासणीत. आम्ही अर्ज करून नव्या भरतीची नेमणूकपत्रं मागवली होती. जानेवारी ते एप्रिल २०२३ मध्ये नऊ ट्रेनी घेतलेले, सगळे त्याच शॉपमध्ये, एक जण थेट तात्यांच्या मशीनवर. मी एचआर अधिकाऱ्यांना तीनच गोष्टी विचारल्या. अकरा जणांची यादी कोणत्या निकषाने केली? आधारची तारीख फक्त या तिघांचीच का तपासली? सही केलेल्या आठ जणांच्या अर्जांत 'कौटुंबिक अडचण' शब्दशः एकच कशी? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. पुढच्या तारखेआधी कंपनीच्या वकिलांचा फोन आला.

ऑगस्ट २०२४ मध्ये तडजोड झाली. जन्मतारीख १ जून १९६७ मान्य, निवृत्ती ६० ला, सेवा अखंड, मूळ जागी मशीनवर कामावर परत, आणि मधल्या १७ महिन्यांचा निम्मा पगार, म्हणजे १,५४,७०० रुपये. निम्म्यावर का थांबलो, असं मला काही जण विचारतात. मलाही ते बोचलं. वर्कशॉपची कमाई वजा झाली असतीच, निकालानंतर कंपनी वरच्या कोर्टात गेली असती, आणि तात्यांच्या हातातली वर्षं मोजकी होती. त्यांना पैशापेक्षा मशीन हवं होतं. निर्णय त्यांचा होता, त्यांनी दोन दिवस विचार करून घेतला. ग्राइंडरचं प्रकरण त्याच अटींवर मिटलं.

उरलेले नऊ

तिसरा, सुपरवायझर, याला मी मदत करू शकले नाही. कायद्यातला 'कामगार' म्हणजे अंगमेहनतीचं, कुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा. देखरेखीचं काम आणि महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त पगार असेल, तर त्या वेळच्या कायद्याने तो माणूस बाहेर. हुद्दा काहीही असो, प्रत्यक्ष काम पाहिलं जातं. हा माणूस मात्र खरोखरच रजा मंजूर करायचा, पाळ्या लावायचा. त्याच्यासाठी उरतो दिवाणी दावा, आणि त्यात सहसा नोकरी परत मिळत नाही, मिळाली तर भरपाई. पन्नाशीतले मॅनेजर, इंजिनिअर, बँकांतले आणि आयटीतले लोक, सगळे याच उघड्या जागेत उभे आहेत. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, याची मला काळजी वाटते.

सही केलेल्या आठांपैकी ज्या दोघांनी नंतर प्रयत्न केला, त्यांना दबाव सिद्ध करावा लागणार होता. पैसे खात्यात घेतलेले, आठ महिने तक्रार नाही. मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. एक जण आज ठेकेदाराकडून त्याच एमआयडीसीत रात्रीचा सिक्युरिटी गार्ड आहे, बारा तासांची पाळी.

आज असा कागद समोर आला तर कायदा थोडा वेगळा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली, स्थायी आदेशांचा भागही तीनशेपासून पुढे. म्हणजे तात्यांच्या १४० जणांच्या कारखान्याला आता कपातीआधी परवानगी लागणार नाही. देखरेख करणाऱ्यांची पगारमर्यादा दहावरून अठरा हजार झाली. कपात झालेल्यासाठी मालकाने पंधरा दिवसांचा पगार नव्या कौशल्य निधीत भरायचा आहे. 'शेवटी आला तो आधी जाईल' हा नियम नव्या संहितेतही आहे. कागद हातात आला की सही न करता घरी आणावा, त्याची प्रत ठेवावी, सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा वकिलाकडे त्याच आठवड्यात जावं, आणि नेमणूकपत्र, पगारपत्रकं, शाळेचा उतारा एका पिशवीत घालून नदीच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा.

तात्या २ सप्टेंबर २०२४ ला कामावर गेले. त्यांच्या मशीनवर बसवलेला ट्रेनी शेजारच्या मशीनवर गेला. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो ड्रॉइंग घेऊन तात्यांकडे आला, कारण एका बोअरचं माप त्याला दोन दिवस धरता येत नव्हतं. तात्यांनी टूलचं टोक बदलायला लावलं आणि त्याच्या शेजारी उभं राहून पहिला जॉब काढून घेतला.